दुसऱ्याच्या हातानं

सकाळी ७

इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकाच्या उत्तर टोकाला कैसरिये बाजाराची कमान आहे, शाह अब्बासाच्या अमदानीतली. तिच्यातून आत शिरलं की तांबटांची ठोकठोक ऐकू येते, सुती कापडावर लाकडी ठसे उमटवणारे छापगर दिसतात, आणि पुढे गालिच्यांच्या पेढ्या लागतात. विकायचे गालिचे रस्त्यावर टांगलेले असतात. दुरुस्तीला आलेले मात्र जुन्या सरायांच्या वरच्या मजल्यावर, चौकाकडे उघडणाऱ्या खोल्यांमध्ये जातात. रफूगराला गिऱ्हाइकाच्या वर्दळीपेक्षा उजेडाची गरज जास्त.

अशाच एका खोलीतला हा दिवस. उस्ताद पासष्टीच्या घरातले, शागीर्द एकोणीस-वीस वर्षांचा. जमिनीवर एक बुटकी लाकडी चौकट. तिच्यावर चारी बाजूंनी बारीक खिळे मारून ताणलेला काशानचा गालिचा. त्याच्या खालच्या डाव्या अंगाला तळहाताएवढं भोक.

भोक जळाल्याचं आहे. इराणी घरांत हिवाळ्यात कुर्सी मांडायचे. बुटकं चौकोनी टेबल, त्याच्या खाली निखाऱ्यांची शेगडी, वरून भलीमोठी रजई, आणि सगळं घर त्या रजईत पाय खुपसून बसलेलं. एखादा निखारा घरंगळला की गालिच्याची वाट लागली. कसर, ओल आणि कुर्सीचा निखारा ही जुन्या इराणी गालिच्यांची तीन मुख्य दुखणी. हा गालिचा १९००च्या आसपासचा, १.३ मीटर रुंद आणि २ मीटर लांब. भोकाच्या कडेचा करपलेला भाग कापून, साफ करून झालेला आहे. ताणेही नव्यानं भरले आहेत. आता गाठींचं काम चालू आहे.

उस्ताद आल्या आल्या सुई हातात घेत नाहीत. चौकटीखाली हात घालून ते गालिच्याची पाठ बोटांनी चाचपतात, मग एक छोटा आरसा खाली सरकवून पाठ बघतात. गालिचा विकणारा समोरून दाखवतो, जाणकार आधी उलटा करून बघतो. समोरची लव झिजते, रंग उतरतो, कुणी धूर्त माणूस झिजल्या जागी शाईही फासतो. पाठीवर मात्र विणकामाचा सगळा हिशेब तसाच्या तसा उमटलेला असतो. गाठ किती ताण्यांवर आहे, बाणे किती, ते कोणत्या रंगाचे, हात घट्ट होता की सैल, सगळं तिथं वाचता येतं.

इथं बाणे दोन आहेत, सुती आणि फिक्या निळ्या रंगाचे. जुन्या काशानची ही नेहमीची खूण. पहिला बाणा जाड आणि ताठ ओढलेला, दुसरा बारीक आणि सैल. त्या ताठ बाण्यामुळे एकाआड एक ताणा मागे दबतो आणि गालिच्याला अंग येतं. त्यामुळेच पाठीवर प्रत्येक गाठीचा एकच ठिपका दिसतो. सेंटिमीटरला सात ठिपके आडवे, सात उभे. चौरस सेंटिमीटरला एकोणपन्नास. अख्ख्या गालिच्यात जवळपास पावणेतेरा लाख.

या ठिपक्यांतच उस्तादांना ती बाई भेटते. विणणारी बाईच असणार. काशानमध्ये आजही गालिचा विणणाऱ्यांत दोन-तृतीयांशांहून जास्त बायका आहेत, आणि त्या वेळी तर माग घराघरांतच असायचे. हिचा हात सारखा चालणारा, पण डाव्या काठाजवळ जरासा सैल पडणारा. तिथं ठिपके किंचित गोल होतात. गेले काही दिवस उस्ताद तो सैलपणा स्वतःच्या बोटांत आणायचा प्रयत्न करत आहेत.

सकाळी ८

ऊन थेट आत यायच्या आधीचा तास रंग जुळवण्याचा. भिंतीतल्या फडताळात लोकरीच्या लडी, गुंड्या आणि चिंध्या झालेले गालिच्यांचे तुकडे भरलेले आहेत. नवी लोकर त्यांत फार थोडी. जुन्या गालिच्याला जुनी लोकर लागते, म्हणून उस्ताद दुरुस्तीपलीकडे गेलेले गालिचे आणि बिनलवेचे, सपाट विणीचे किलिम विकत घेऊन ठेवतात. शागीर्दाचं सकाळचं काम त्यांतले धागे उसवायचं. एकेक गाठ सोडवून हाताला येतो तो जेमतेम बोटभर तुकडा, गाठ मारायला निरुपयोगी. त्यामुळे लांब धाग्यासाठी किलिम बरे, त्यांत लोकर बाण्यात अखंड असते.

पण या काशानला किलिमची लोकरही चालत नाही. ती राठ, हातानं कातलेली. याची लोकर मऊ, एकसारख्या पिळाची. १९व्या शतकाच्या अखेरीला काशानमध्ये गालिच्याचा धंदा पुन्हा उभा राहिला तेव्हा तिथल्या चांगल्या मागांवर मांचेस्टरला कातलेली मेरिनो लोकर येत होती. व्यापारी आजही अशा गालिच्यांना ‘मांचेस्टर काशान’ म्हणतात. अस्सल इराणी म्हणून ज्याची पूजा होते त्या गालिच्यातला धागा इंग्लंडच्या गिरणीतला असू शकतो, हे काही जणांना कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. काशानचा व्यवहार फार पूर्वीपासून दूरदेशांशी आहे. १६०१ साली पोलंडच्या राजानं, तिसऱ्या सिगिस्मुंडनं, आपला आर्मेनियन व्यापारी खास गालिचे करवून घ्यायला काशानलाच धाडला होता. १७२२मध्ये अफगाण फौजांनी सफवी राजवट मोडली, शाही कारखाने बसले, आणि पुढची दीडशे वर्षं या धंद्याला मोठा आश्रयदाता राहिला नाही. त्या दीर्घ पडझडीनंतर ज्यांनी माग पुन्हा उभे केले त्यांनी मिळाली ती उत्तम लोकर घेतली. रंग, नक्षी आणि गाठ काशानचीच राहिली.

उस्ताद तीन लाल लडी घेऊन बाहेर गॅलरीत जातात. खोलीत तिन्ही सारख्या दिसत होत्या. बाहेरच्या उजेडात एक पिवळसर निघते, एक जांभळट. जमिनीचा लाल मंजिष्ठाचा आहे. यज्दकडच्या शेतांत हे झाड लावतात, निदान तीन वर्षं वाढू देतात, मग मुळं खणून, वाळवून, दळतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवायची, मग मंजिष्ठाच्या पाण्यात हळूहळू तापवायची. पाणी उकळू दिलं तर लाल रंग विटकरी होतो. त्याच मुळापासून गुलाबी, विटकरी, डाळिंबी, जांभळट अशा छटा निघतात, म्हणून जुळणारा लाल शोधणं हेच रफूगराचं सर्वांत वेळखाऊ काम.

तिसरी लड जुळते. पण ती गालिच्याच्या लवेच्या टोकाशी जुळून उपयोग नाही. टोकं शंभर वर्षांच्या उजेडानं फिकी झालेली असतात, मुळाशी रंग गडद असतो. उस्ताद लव दोन बोटांनी फाकवून मधल्या उंचीवरचा रंग बघतात. तिथला लाल जुळला पाहिजे, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे खपतो.

सकाळी ९ ते ११

आता सुई. मेण लावलेला धागा, बोटात अंगुस्तान, बाजूला पक्कड, कात्री आणि एक लहान लोखंडी फणी.

मागावर बसलेली विणकरीण गाठ सुईनं मारत नाही, बोटांनी मारते. डाव्या हाताची बोटं दोन ताणे पुढे ओढतात, उजव्या हातातली लोकर एका ताण्याला पूर्ण वेढा घालते, शेजारच्या ताण्यामागून फक्त सरकते आणि पुढे येते, सुरीनं धागा कापला जातो. ही फारसी गाठ. तब्रीझकडे तुर्की गाठ मारतात. तिच्यात लोकर दोन्ही ताण्यांवरून जाऊन मधून बाहेर पडते, आणि तिथले कारागीर आकडा असलेली सुरी वापरतात. तुर्की गाठीचं वय थक्क करणारं आहे. १९४९मध्ये अल्ताई डोंगरात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यात जो गालिचा सापडला, तो सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा, आणि त्यातही हीच दुहेरी गाठ आहे. फारसी गाठ तुलनेनं नाजूक नक्षीला सोयीची, कारण ती अंग चोरून बसते.

चांगली विणकरीण दिवसाला ८,००० ते १०,००० गाठी मारते. ८,००० धरल्या तर या एका गालिच्याला एकटीचे १६० दिवस, सुट्ट्या वेगळ्या. रफूगर त्या वेगाच्या जवळपासही जाऊ शकत नाही. तिच्यासमोर मोकळे ताणे होते. याच्यासमोर ताणे खाली-वर दोन्हीकडे बंद आहेत. दहा सेंटिमीटर रुंदीच्या भोकात एकशेचाळीस ताणे. त्यांतला प्रत्येक ताणा सुईनं जुन्या विणीत तीन-चार बोटं आत नेऊन, जुन्याच ताण्याच्या वाटेनं, पुन्हा बाहेर काढलेला. त्यातच जवळपास आठवडा गेला. आता गाठीची ओळ सत्तर गाठींची. दिवसाला सात ओळी झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं. सात ओळी म्हणजे एक सेंटिमीटर.

उस्ताद खाली वाकतात. सुई एका ताण्याखालून जाते, वेढा घेते, शेजारच्याच्या मागून येते. पक्कडीनं सुई ओढतात. धागा बोटभर सोडून कापतात. पुन्हा तेच. गाठ डावीकडे उघडी राहते की उजवीकडे, हेही जुन्याशी जुळलं पाहिजे, नाहीतर लव उलट्या अंगाला पडेल आणि लांबून एक डाग दिसेल. गालिच्याच्या लवेला दिशा असते. सुरुवातीच्या टोकाकडे हात फिरवला तर तो मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा सरकतो, उलटा फिरवला तर लव उभी राहते. एका बाजूनं गालिचा उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूनं गडद.

दहाच्या सुमाराला अडचण येते. भोकाच्या वरच्या कोपऱ्यात खताई वेलीचं एक पान अर्धं शिल्लक आहे. उरलेलं अर्धं कसं होतं ते शोधणं सोपं असतं. काशानच्या गालिच्याची नक्षी चौकटीच्या कागदावर बहुधा एक-चतुर्थांशच काढतात. विणकरीण तीच उजवी-डावी आणि खाली-वर उलटवून चारदा विणते. म्हणजे जळालेलं पान दुसऱ्या तीन कोपऱ्यांत शाबूत असतं. शागीर्दानं उजव्या कोपऱ्यातलं पान मोजून कागदावर उतरवलंय, अकरा ओळींचं. उस्ताद जळक्या पानाचा उरलेला भाग मोजतात, पुन्हा मोजतात, आणि कागद बाजूला ठेवतात.

“इथं दहाच होत्या.”

“उजवीकडे अकरा आहेत, उस्ताद.”

“उजवीकडे असतील. इथं बघ, देठाजवळ तिनं एक ओळ गाळलीय. देठ एका घराने वर सरकलाय. मग पानही लवकर मिटलं असणार.”

हे देठाचं सरकणं डोळे बारीक करून पाहिल्याशिवाय दिसत नाही. संध्याकाळ झाली असेल, शेजारी लेकरू रडत असेल, कागदावरची एक ओळ नजरेतून निसटली असेल. कारण काहीही असो, तिच्या हातून पान एका ओळीनं आखूड झालं आणि तिनं पुढे नक्षी सावरून घेतली. उस्ताद दहा ओळींचं पान घालायचं ठरवतात. अकरा ओळींचं पान कागदाप्रमाणे बरोबर झालं असतं, पण ते या गालिच्यातलं पान झालं नसतं. या कलेतली सगळ्यांत अवघड गोष्ट मला हीच वाटते. नीटनेटकं करण्याचा मोह हातात असतो, कौशल्यही असतं, आणि दोन्ही आवरून दुसऱ्याच्या हातानं काम करायचं असतं.

सकाळी ११

चहा. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, दातांत धरलेला साखरेचा खडा. एक म्हातारे गृहस्थ जिना चढून येतात. दारातूनच “खस्ता नबाशीद,” म्हणजे ‘दमू नका’, असं म्हणतात. काम करणाऱ्या माणसाला इराणात असंच अभिवादन करतात. त्यांच्या खांद्यावर एक लहान गालिचा आहे, फार्सकडचा, कश्काई भटक्यांचा. तो जमिनीवर पसरला की लगेच दिसतं की तो एका टोकाला चांगला चार बोटं जास्त रुंद आहे.

“हा सरळ करून मिळेल का?”

शहरी माग उभा असतो, भिंतीला टेकलेला. भटक्यांचा माग आडवा, जमिनीवर खुंट्या ठोकून ताणलेला. कळप हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धवट विणलेला गालिचा गुंडाळून जनावरावर लादायचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. ताण दर वेळी थोडा वेगळा बसतो. लोकरीचे ताणे हवेप्रमाणे कमीजास्त होतात. कागदावर काढलेली नक्षी त्या बायकांकडे नसते, ती डोक्यात असते. त्यामुळे फार्सच्या एका बाईच्या हातून हुबेहूब सारखे दोन गालिचे होत नाहीत. २०१०मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत काशान आणि फार्स या दोन्हींच्या विणकामाची वेगवेगळी नोंद केली. ते शहाणपणाचं झालं, कारण या दोन निराळ्या विद्या आहेत.

उस्ताद गालिच्याच्या कडेवरून हात फिरवतात. एके ठिकाणी काळपट तपकिरी रेषेतली लोकर झडून गेलीय, बाजूचे रंग मात्र जसेच्या तसे, त्यामुळे नक्षी उठावात कोरल्यासारखी दिसते. काळा-तपकिरी रंग आणायला लोह घालायचे. लोह लोकर हळूहळू खातं. ही झीज वयाची साक्ष असते.

“कडा बांधून देतो, दोरे सुटलेत ते. वाकडेपणा राहू द्या. हा प्रवासातला गालिचा आहे.”

म्हातारबांना हे पटलेलं दिसत नाही. पण गालिचा ते ठेवून जातात.

दुपारी १

नमाज, जेवण, मग बाजार मिटतो. खाली गल्लीत बिर्यानवाल्याकडून भाजलेल्या मांसाची टिकिया रोटीत गुंडाळून आलेली असते, वर पुदिना. इस्फहानच्या बिर्यानचा आपल्या बिर्याणीशी नावापुरताच संबंध. उस्ताद तासभर आडवे होतात.

विणकरणींच्या दिवसाला अशी विश्रांती किती होती? उस्तादांच्या दिवसाचं कौतुक करताना हे विचारायलाच हवं. केरमानच्या कारखान्यांत मुलं आणि बायका अंधाऱ्या, दमट खोल्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत फळीवर बसत. फळी उंच-उंच सरकत जाई, पाय खाली लोंबत, पाठी वाकत. बाहेरच्या जगात बोभाटा झाला, आणि १९२३मध्ये केरमानच्या गव्हर्नरनं फर्मान काढलं. कामाचा दिवस जास्तीत जास्त आठ तासांचा, आठ वर्षांखालचे मुलगे आणि दहा वर्षांखालच्या मुली कामावर घ्यायच्या नाहीत. इराणमधला कामगारांसाठीचा अगदी सुरुवातीचा कायदा गालिच्याच्या मागापाशी झाला. आज ज्या जुन्या केरमानी गालिच्यांपुढे आपण थबकतो, त्यांतले कित्येक त्या फर्मानाआधीचे आहेत.

आणि नाव? जुन्या गालिच्याच्या वरच्या काठावर कधी कधी एखादं नाव विणलेलं असतं. ते बहुतेक वेळा कारखानदाराचं किंवा काम सांगणाऱ्याचं. जगातला सर्वांत प्रसिद्ध गालिचा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा, त्यावर मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० हे साल आहे. साडेदहा मीटर लांबीचा आणि अडीच कोटींहून जास्त गाठींचा तो गालिचा मकसूदनं एकट्यानं विणला असणं शक्यच नाही. कित्येक माणसं एका रांगेत वर्षानुवर्षं बसली असतील. त्यांतलं एकही नाव काठावर नाही.

दुपारी साडेचार

ऊन कललं की काम पुन्हा सुरू. पानाचा हिरवा हवाय, आणि तो फडताळात नाही.

हिरवा रंग एकट्या झाडपाल्यातून मिळत नाही. लोकर आधी निळीत बुडवायची, मग इस्परक नावाच्या झाडाच्या किंवा द्राक्षवेलीच्या पानांच्या पिवळ्यात. निळीचं पिंप वेगळंच प्रकरण. लोकर आत असते तेव्हा पिवळट-हिरवी दिसते, बाहेर काढून हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. ही नीळ एके काळी हिंदुस्थानातून इराणात मोठ्या प्रमाणावर जायची. निळीचा रंग शतकानुशतकं टिकतो. पिवळा तेवढा टिकाऊ नसतो. म्हणून जुन्या गालिच्यातला हिरवा उजेडात राहून राहून निळसर होतो. मुळाशी पोपटी, मधे शेवाळी, टोकाला जवळजवळ अस्मानी.

शागीर्द शहरातल्या रंगाऱ्याकडून आणलेली ताजी हिरवी लड पुढे करतो. रंग सुरेख आहे, आणि म्हणूनच चालणार नाही. सहा महिने गच्चीवर उन्हात टांगली तरी शंभर वर्षांच्या जवळ जाणार नाही. उस्ताद वेगळी वाट काढतात. दोन पदरी धाग्यातला एक पदर जुन्या निळ्याचा, एक फिक्या पिवळ्याचा, दोन्ही हातानं पिळून एक करतात. जवळून दोन रंग दिसतात. हातभर अंतरावरून ते एकमेकांत मिसळतात, आणि त्या हिरव्यात थोडा हरवलेला पिवळाही असतो. पहिल्या दोन गाठी मारून ते उठतात, गॅलरीपर्यंत मागे जातात, वळून बघतात. परत येऊन एक गाठ काढून टाकतात. पिवळा जरा जास्त होतोय. दुसरा, आणखी फिका पिवळा घेतात.

पानाच्या तीन ओळी व्हायला दीड तास लागतो. प्रत्येक ओळीनंतर निळ्या बाण्याचे दोन फेरे, पहिला ताठ, दुसरा सैल. फणीनं हलकेच ठोकायचं. मागावर हेच ठोकणं जड लोखंडी दफ्तीननं होतं, आणि बिजारकडचे विणकर तर ओला बाणा घालून इतकं ठोकतात की त्यांचे गालिचे घडी घालायलाही जड जातात. इथं मात्र जुने ताणे कुजके आहेत. जोर दिला तर शेजारची वीण तुटेल.

संध्याकाळी ६

गालिच्याचा मालक येतो. तेहरानचा व्यापारी, बोलायला गोड, घाईत. काम किती झालं ते बघतो आणि चेहरा पाडतो.

“उस्ताद, दोनऐवजी चार ताण्यांवर एक गाठ घाला ना. निम्म्या वेळात होईल. वरून कुणाला कळतंय?”

चार ताण्यांवरच्या या गाठीला जुफ्ती म्हणतात. खोरासानकडे आणि इतरत्रही घाईच्या कामात ती सर्रास शिरली. गाठी निम्म्या, लोकर निम्मी, वेळ निम्मा. लव विरळ बसते आणि काही वर्षांतच खालचं सूत डोकावायला लागतं. उस्ताद त्याला आरसा देतात आणि म्हणतात, खालून बघा. जुन्या विणीचे ठिपके आणि नव्या ओळींचे ठिपके एका रेषेत आहेत. “जुफ्ती घातली तर इथं रेषा मोडेल. घेणारा उलटा करून बघणारच.” व्यापाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

त्याची घाई मात्र खरी आहे. इराणी गालिच्याला सर्वांत जास्त दाम देणाऱ्या बाजारांपैकी अमेरिका हा एक होता. तिथलं दार १९८७मध्ये बंद झालं, २०००मध्ये उघडलं, २०१०मध्ये पुन्हा मिटलं, २०१६च्या जानेवारीत उघडलं आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये परत बंद. एक मोठा गालिचा विणायला दोन-तीन वर्षं लागतात. मागावर ताणा चढवताना दार उघडं असतं आणि गालिचा उतरवताना बंद. ज्या घरात हे दोनदा घडलं त्या घरातली मुलगी मागावर का बसेल?

व्यापारी जाता जाता आणखी एक सुचवतो. त्याच्याकडे असाच एक फाटका मांचेस्टर काशान आहे. त्यातला तुकडा कापून इथं बसवला तर? उस्ताद मान हलवतात. अर्दबीलचंच उदाहरण त्यांच्या तोंडी येतं. १८९३मध्ये विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून लंडनच्या संग्रहालयानं २,००० पौंडांना जो गालिचा घेतला, तो अखंड दिसतो, कारण त्याच्या जुळ्या भावाचे तुकडे कापून त्याला लावले आहेत. तो जुळा भाऊ आता लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, १९५३मध्ये जे. पॉल गेटीनं दिलेला. त्याचा काठ गेलेला आहे. १९व्या शतकातल्या त्या कारागिरांचं कसब मोठं असेल. पण एकाला पुरं करण्यासाठी दुसऱ्याला कायमचं अपुरं केलं. मला तो व्यवहार पटत नाही, आणि उस्तादांनाही तो पटत नाही.

“तुमचा तो फाटकाही आणा,” ते म्हणतात. “तो वेगळा गालिचा आहे. त्याचंही बघू.”

संध्याकाळी साडेसात

दिव्याच्या उजेडात रंग जुळवत नाहीत. गाठी मारायला हरकत नाही, लाल जमिनीच्या, जिथं रंग आधीच ठरलाय. आज पहिल्यांदा उस्ताद सुई शागीर्दाकडे देतात. डाव्या काठाजवळच्या वीस गाठी त्याच्या.

पोरगा श्वास रोखून बसतो. तीन वर्षं त्यानं धागे उसवलेत, कडा शिवल्यात, झालरी बांधल्यात. हात तयार आहे. एकेक गाठ नीट ओढून, मापून बसवतो. वीस गाठी व्हायला पाऊण तास लागतो. लव कापली जाते. वरून पाहिलं तर अप्रतिम.

उस्ताद आरसा खाली सरकवतात आणि त्याला बघायला सांगतात. वीस ठिपके, सगळे एकसारखे, घट्ट, लांबट. त्यांच्या शेजारचे जुने ठिपके मात्र किंचित गोल आणि मोकळे.

“चांगल्या आहेत,” उस्ताद म्हणतात. “तिच्यापेक्षा चांगल्या आहेत. काढ.”

शागीर्द काही बोलत नाही. सुईच्या टोकानं पहिली गाठ सोडवतो.

“ती या काठाला पोचायची तेव्हा हात लांब करावा लागायचा तिला. बसायची मधे. लांब केलेल्या हातात जोर कमी येतो. तू अगदी समोर बसलायस. उद्या दोन वीत उजवीकडे सरकून बस आणि हात लांब करून मार.”

वीसही गाठी निघतात. लोकरीचे तुकडे शागीर्द चिमटीत गोळा करून डब्यात टाकतो. तेही उद्या कुठंतरी रंग जुळवायला लागतील. उस्ताद पानाच्या अपुऱ्या ओळीत खूण म्हणून पांढरा दोरा ओवून ठेवतात. सहा ओळी झाल्या आज, सातवी राहिली. पानाच्या तीन झाल्या, सात उरल्या. फिका पिवळा धागा संपत आलाय. सकाळी आधी तो शोधायचा.